हत्यारांची सबब

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या धर्मग्रामात एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. वरकरणी त्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. परंतु त्या दोन्ही गोष्टींनी मिळून माझ्या मनात जी खळबळ उडवली, ती या त्रैमासिकाच्या वाचकांपुढे मांडल्याखेरीज स्वस्थ बसणे मला शक्य नाही.

पहिली गोष्ट अशी. आमच्या गावातले अखेरचे जुने मिस्त्री नाताळापूर्वीच देवाघरी गेले होते. ख्रिस्तमंदिराचे लाकडी जिने, पापनिवेदनाची खोली, निम्म्या गावाची दारे-खिडक्या ज्यांच्या हातची, असा हा माणूस. घर पाडून नवे बांधायचे ठरले, तेव्हा त्यांची हत्यारांची पेटी घरच्यांनी भंगारवाल्याला दिली. कशी? वजनावर! वीसएक किलो लोखंड, जेमतेम सहाशे रुपये. कळताच मी धावत गेलो, पण लाकडी रंधे तोवर चुलीत गेले होते. हाती लागल्या त्या तीन पटाश्या, रंध्याची दोन पाती, एक करवत आणि एक पितळी गुण्या.

दुसरी गोष्ट त्यानंतर तीन दिवसांनी घडली. आमच्या गायनवृंदातला एक तरुण संध्याकाळी कचेरीत आला. मुलगा गुणी आहे, मिस्सात गिटार वाजवतो, हातही बरा आहे. म्हणाला, "फादर, मला स्वतःच्या हाताने गिटार बनवायची आहे." मला मनापासून आनंद झाला. मग त्याने खिशातून एक कागद काढला. त्यावर लागणाऱ्या हत्यारांची यादी होती : लाकूड वाकवण्याचे विजेचे यंत्र, जाडी सारखी करणारे पॉलिशचे यंत्र, पट्टा-करवत, राउटर, तीस क्लॅम्प, फ्रेट बसवण्याचा दाबयंत्रासारखा काही प्रकार आणि आणखी बरेच काही. शेवटी बेरीज होती एक लाख चाळीस हजार रुपये. "एवढे पैसे कधी जमायचे? म्हणून राहून गेलंय," असे म्हणून त्याने कागदाची घडी घातली.

एका घरातून हत्यारे सहाशे रुपयांना बाहेर जात होती आणि दुसऱ्या घरात ती लाखाच्या स्वप्नात अडकून पडली होती. दोन घरांमध्ये अंतर किती? पाच मिनिटांचे.

सुज्ञ वाचकहो, माझे म्हणणे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना रागवायचे आहे त्यांना उगाच शेवटपर्यंत थांबावे लागणार नाही. गिटार बनवण्याचा छंद महागडा आहे, हा समज खोटा आहे. महाग झाली आहे ती आपली सबब. हत्यार परवडत नाही असे आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा हत्याराला धार लावायला आपल्याला वेळ नसतो, शिकवणाऱ्याकडे जाण्याइतकी नम्रता नसते आणि शेजाऱ्याकडे मागण्याचा संकोच असतो. या तीन उणिवा भरून काढण्यासाठी माणूस यंत्रांची यादी करतो. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आपण मुलांना शाळेत शिकवतो. आता तेच अंगण पॉलिश करून विकणारी दुकाने निघाली आहेत, एवढाच काय तो फरक.

त्या तरुणाला मी दोष देत नाही. त्याने ही यादी स्वतःच्या अक्कलहुशारीने केलेली नव्हती. मोबाइलवर परदेशी कारखान्यांची चित्रे पाहून ती तयार झाली होती. ज्या कारखान्यात दिवसाला कित्येक गिटारी बनतात, तिथे वेळ वाचवणारे यंत्र हवेच. परंतु ज्याला वर्षभरात एकच गिटार बनवायची आहे, त्याचा वेळ वाचवून द्यायचा कुणासाठी? छंद म्हणजेच तो वेळ. यंत्राने चार तास वाचवले, म्हणजे त्याने छंदातले चार तास काढून घेतले आणि वर पैसेही घेतले!

आता कोरडा उपदेश पुरे. प्रत्यक्ष गिटारीला लागते काय, ते पाहू.

गिटार ही मुळात पातळ लाकडाची पेटी आहे. पुढची फळी साधारण अडीच मिलिमीटर जाड, कडेच्या पट्ट्या दोन मिलिमीटरच्या आसपास. फळ्या इतक्या पातळ करायला यंत्र लागते, असे आपल्याला सांगितले जाते. प्रत्यक्षात धारदार रंधा आणि खरवडण्याचा पोलादी पत्रा एवढ्यावर हे काम शतकानुशतके होत आले आहे. तो पत्रा विकतसुद्धा आणावा लागत नाही. मोडक्या हातकरवतीच्या पात्याचा तळहाताएवढा तुकडा कापावा, कड कानशीने सरळ करावी, निसण्यावर घासावी आणि गुळगुळीत पोलादी दांड्याने दाबून तिला किंचित कंगोरा आणावा. त्या कंगोऱ्याने लाकडाचा कागदासारखा पापुद्रा निघतो.

पुढच्या फळीचे दोन भाग मध्यभागी जोडताना घट्ट आवळायचे असतात. त्यासाठी महागडे क्लॅम्प नकोत. फळ्यांच्या खाली-वर आडव्या पट्ट्या ठेवून दोरी गुंडाळायची आणि दोरीखाली लाकडी पाचरी ठोकायच्या, ही स्पेनमधल्या जुन्या कारागिरांची रीत आहे. आतल्या आधारपट्ट्या चिकटवताना दाब हवा असतो. त्यासाठी खाली एक पाट, वर एक पाट आणि मध्ये वाकवून अडकवलेल्या बांबूच्या कामट्या. कामटी सरळ व्हायला धडपडते आणि तीच धडपड खालच्या पट्टीला दाबून धरते. परदेशात याच कामासाठी काचतंतूंच्या काड्या विकतात. बांबूच्या देशात जन्मलेल्या माणसाने त्या मागवाव्यात काय? कडेच्या आतील अस्तरपट्टीला कपडे वाळत घालण्याचे चिमटे पुरतात. कडेला शोभेची पट्टी बसवायची तर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या ताणून गुंडाळाव्यात.

राहिले कडा वाकवणे. हे काम पाहताना प्रत्येकाला जादू वाटते, पण त्याला लागतो केवळ दोन-अडीच इंच व्यासाचा लोखंडी नळाचा तुकडा. तो शिकंज्यात पक्का आवळावा, आतून तापवावा आणि पाण्याचा थेंब त्यावर टाकला असता नाचत उडू लागला, की ओलसर पट्टी त्यावर हलक्या दाबाने फिरवावी. लाकूड मऊ होते आणि हाताला ते कळते. अर्थात ज्वाळा आणि तापलेले लोखंड आहे, तेव्हा हे काम उघड्या जागेत, जाणत्या माणसाच्या देखत करायचे.

मानेवरची फ्रेटची अंतरे हा अनेकांना अवघड वाटणारा भाग. त्यासाठी आयत्या खाचा पाडलेल्या पट्ट्या आणि छापील मोजपट्ट्या विकल्या जातात. वस्तुतः हे आठवीच्या मुलाचे गणित आहे. तारेची लांबी ६५० मिलिमीटर धरली, तर तिला १७.८१७ ने भागावे. उत्तर येते ३६.४८. तो पहिला फ्रेट. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागावे, म्हणजे दुसरा. असे करत गेल्यास बारावा फ्रेट नेमका ३२५ मिलिमीटरवर, म्हणजे अर्ध्यावर येतो. पूर्वी १८ ने भागत असत. १५८१ साली आपल्या संगीतविषयक ग्रंथात हा नियम सांगणारे विन्चेन्झो गालिलेई हे ल्यूटवादक म्हणजे दुर्बिणीतून आकाश पाहणाऱ्या गॅलिलिओचे वडील. गुरुविद्यालयात मुलाचे प्रकरण आम्ही फार गंभीरपणे अभ्यासले. वडिलांचा हा उपकार मात्र कुणी सांगितला नाही! १८ ने भागल्यास बारावा फ्रेट सुमारे अडीच मिलिमीटर अलीकडे येतो. आज आपल्याजवळ अधिक अचूक आकडा आहे, शाळेतले गणकयंत्र आहे आणि तरीही आपण म्हणतो, साधने नाहीत.

मग काहीच विकत घ्यायचे नाही काय? घ्यायचे. येथे मला दुसऱ्या टोकाच्या लोकांशीही भांडायचे आहे. 'स्वस्त' आणि 'परवडणारे' हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो आणि त्यात फसतो. बाजारात दीडशे रुपयांना सहा पटाश्यांचा चकचकीत संच मिळतो. त्याचे पोलाद इतके मऊ असते की सकाळी लावलेली धार दुपारी गेलेली असते. असा संच घेणारा मुलगा महिनाभरात निराश होतो, आपल्यालाच जमत नाही असे समजतो आणि छंद सोडतो. त्या संचाची खरी किंमत दीडशे रुपये नाही. एका मुलाची उमेद, ही त्याची किंमत. याउलट जुन्या बाजारातली गंजलेली पण चांगल्या पोलादाची एकच पटाशी, तीवरचा गंज उतरवून धार लावली, तर ती नातवापर्यंत जाते.

म्हणून आमचा अनुभव सांगतो. नवे म्हणून पैसे मोजावेत अशा वस्तू थोड्याच आहेत. पहिली, फ्रेटच्या खाचा पाडण्याची बारीक करवत. तिची खाच सुमारे ०.६ मिलिमीटर रुंद असावी लागते, कारण खाच सैल झाली की फ्रेट उचकटून येतो. येथे तडजोड नाही. दुसरी, बिनचूक खुणांची पोलादी पट्टी. तिसरी, जाडी मोजण्याचे कॅलिपर. चौथी, चांगला पाणकागद, खडबडीपासून अगदी बारीकपर्यंत. काचेच्या जाड तुकड्यावर हा कागद ओला करून चिकटवला की उत्तम सहाण तयार होते आणि त्याच काचेवर फ्रेटही समपातळीत आणण्याचा ठोकळा घासता येतो. बाकीचे जुने घ्यावे, मागून आणावे किंवा बनवावे. तारा जिच्यावर टेकतात ती हाडाची पट्टीसुद्धा आम्ही खाटकाकडून आणलेल्या म्हशीच्या हाडाची केली. ते उकळून, चरबी काढून, उन्हात वाळवून कानशीने घासले. तीन संध्याकाळी लागल्या. मुले हसत होती, पण शिकत होती.

हे सारे मी माझ्या कल्पनेतून सांगत नाही. गिटारीचा इतिहासच याची साक्ष देतो. आज आपण जिला स्पॅनिश गिटार म्हणतो, तिला तिचे आजचे रूप देणारा आंतोनिओ दे तोरेस (१८१७-१८९२) हा मूळचा आल्मेरिया प्रांतातला सुतार. पोट भरेना म्हणून मध्यंतरी त्याने चिनी मातीच्या भांड्यांचे दुकानही चालवले. १८६२ साली त्याने एक गिटार बनवली. तिची पुढची फळी उत्तम लाकडाची, पण पाठ आणि कडा चक्क कागदाच्या लगद्याच्या पुठ्ठ्याच्या! आवाजाचे मर्म पुढच्या फळीत असते, हे त्याला दाखवून द्यायचे होते. ती गिटार आज बार्सेलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. तोरेसच्या उतारवयात त्याच्या शेजारी वावरलेले आणि पुढे धर्मगुरू झालेले हुआन मार्तिनेस सिर्वेन्त यांनी १९३१ साली एका पत्रात त्याची आठवण लिहून ठेवली आहे. गुपित विचारले असता तोरेसने उत्तर दिले ते अशा आशयाचे, की ते मला मागे ठेवून जाता येणार नाही, कारण फळी बरोबर झाली की नाही हे माझा अंगठा आणि तर्जनी यांची टोके मला सांगतात. एका धर्मगुरूने ही साक्ष जपून ठेवावी, याचा मला विशेष आनंद वाटतो. अंगठा आणि तर्जनी देवाने आपणा सर्वांना फुकट दिली आहेत. त्यांची किंमत कुठल्या यादीत आहे?

तोरेस फार जुना वाटत असेल, तर आपल्या मुलांच्या ओळखीचे उदाहरण घेऊ. 'क्वीन' हा वाद्यवृंद त्यांना ठाऊक असतो. त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या निवासी शाळेत शिकला, हेही काहींना ठाऊक असते. त्याच वृंदाचा गिटारवादक ब्रायन मे. १९६३ साली तो सोळा वर्षांचा होता आणि चांगली विजेची गिटार घेणे घरच्यांना परवडणारे नव्हते. वडील अभियंते होते. बापलेकांनी मिळून घरातल्या हत्यारांनी ती बनवायला घेतली. मानेसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरले. त्यातली किड्यांची भोके आगपेटीच्या काड्यांनी बुजवली. स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या, मानेवरच्या खुणा आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांच्या. खर्च सांगतात तो सुमारे आठ पौंड, आणि वेळ सुमारे दोन वर्षे. पुढे कीर्ती आली, पैसा आला, हवी ती गिटार विकत घेता येऊ लागली. तरी २००२ साली इंग्लंडच्या राणीच्या राजवाड्याच्या गच्चीवर उभा राहून त्याने वाजवली ती हीच गिटार. दोन वर्षे बापलेक एका बाकावर काम करत होते, हे त्या आठ पौंडांपेक्षा मला अधिक मोलाचे वाटते. आपल्या किती घरांत बाप आणि मुलगा दोन तास तरी एका कामाला हात लावतात?

आणि परदेशच कशाला? मिरजेला जा. तिथली सतार आणि तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हे काम ज्यांनी तिथे सुरू केले, त्या फरीदसाहेब आणि त्यांच्या भाऊबंदांचे आडनाव शिकलगार. शिकलगार म्हणजे तलवारी-कट्यारींना धार आणि झिलई देणारा. शस्त्रांची मागणी ओसरली, तेव्हा हे लोक वाद्ये दुरुस्त करू लागले आणि मग घडवू लागले. ज्यांना धार लावता येत होती, त्यांनी वाद्य निर्माण केले. आधी धार, मग सूर. मिरजेच्या वाद्यांचा हा साधा इतिहास मी आमच्या मुलांना वारंवार सांगतो, कारण त्यांच्या यादीत तीस क्लॅम्प होते, पण धार लावण्याचा दगड नव्हता!

आमच्या तळघरातल्या खोलीत पहिला महिना मुलांनी लाकडाला हात लावला नाही. फक्त धार लावली. पंचवीस ते तीस अंशांचा कोन, काचेवरचा पाणकागद आणि शेवटी न्हावी वस्तरा परजतो तसा चामड्याचा पट्टा. एकाचा जुना कमरपट्टा कामाला आला. मनगटावरचा केस निघू लागला तेव्हा त्यांचे डोळे चमकले. शेजारच्या गावातून आलेल्या सत्तरीच्या मिस्त्रींनी एकदाच मान डोलावली. ते बोलत कमी. त्यांना आम्ही मानधन देतो आणि वेळेवर देतो. ज्ञान फुकट मागण्याची आपली जी पवित्र सवय आहे, तीही सोडण्याची वेळ आली आहे.

पावसाळ्यात हे करण्याला आणखी एक कारण होते. आमच्या किनारपट्टीत त्या चार महिन्यांत हवा इतकी दमट असते, की तेव्हा पातळ फळीवर आधारपट्ट्या चिकटवल्या तर उन्हाळ्यात फळी आकसते आणि तडकते. जगभरचे कारागीर साधारण पंचेचाळीस ते पन्नास टक्के आर्द्रतेत हे काम करतात. त्यासाठी हवा कोरडी करणारे यंत्र त्या तरुणाच्या यादीत होते. आम्ही त्याऐवजी दिनदर्शिका वापरली. पावसाळ्यात धार, साचे आणि लाकडी क्लॅम्प, आणि नाताळनंतरच्या कोरड्या दिवसांत चिकटवण्याचे काम. शेतकऱ्यांच्या या गावाला हंगाम पाळणे शिकवावे लागू नये!

आता आक्षेप. ते मी तोंडावर ऐकले आहेत, म्हणून उत्तरही उघडपणे देतो.

पहिला आक्षेप : चार-पाच हजारांत तयार गिटार मिळते, मग हा खटाटोप कशाला? आक्षेप खरा आहे. हिशेब प्रामाणिकपणे मांडायचा, तर पहिली गिटार दुकानातल्या स्वस्त गिटारीहून महाग पडते आणि कदाचित तिच्याहून वाईटही वाजते. जो पैसे वाचवण्यासाठी गिटार बनवू पाहतो, त्याने खुशाल दुकानात जावे. पण घरचे लोणचे बाजारच्या बरणीहून स्वस्त पडते म्हणून का आपल्या आया ते घालतात? शिवाय सामायिक पेटी असली की दुसऱ्या मुलाला हत्यारांचा खर्च जवळजवळ पडतच नाही आणि गायनवृंदाच्या तडकलेल्या गिटारी दुरुस्त होतात, ते वेगळेच. गेल्या वर्षी आम्ही अशा दोन गिटारी कचऱ्यातून परत आणल्या.

दुसरा आक्षेप : मुलांचे शिक्षण सोडून सुतारकी कसली शिकवता? हा आक्षेप घेणाऱ्यांना मी एवढेच आठवण करून देतो, की १ मे रोजी कामकरी संत योसेफाचा सण आपण पाळतो. पोप पायस बारावे यांनी तो १९५५ साली सुरू केला. त्या दिवशी आपण वेदीवर रंधा आणि करवत अर्पण म्हणून नेतो, फुले वाहतो, छायाचित्रे काढतो. आणि दुसऱ्या दिवशी मुलाने तोच रंधा हातात घेतला तर त्याचे भविष्य बिघडते! शुभवर्तमानात नाझरेथच्या लोकांनी नेमका हाच प्रश्न हेटाळणीने विचारला होता : हा सुतारच ना? आपण कोणाच्या बाजूला उभे आहोत, याचा ज्याने त्याने विचार करावा.

तिसरा आक्षेप गंभीर आहे : यात धोका नाही काय? आहे. विजेच्या करवतीने बोटे जातात, म्हणून आमच्या खोलीत ती नाही. मोठ्या फळ्या लाकडाच्या वखारीतून चिरून आणाव्यात, त्याला थोडे पैसे पडतात. शिसवीची बारीक धूळ कित्येकांच्या कातडीला आणि श्वासाला बाधते, म्हणून मुखपट्टीवाचून कोणी घासकाम करायचे नाही, हा नियम भिंतीवर लिहिला आहे. तो मोडणाऱ्याला, मग तो धर्मग्राम परिषदेच्या सभासदाचा मुलगा असला तरी, त्या दिवशी घरी पाठवले जाते. एकदा पाठवले आहे. त्याचे पडसाद परिषदेत उमटले, तेही सांगून टाकतो.

शिसवीचा विषय निघाला म्हणून एक बोचरी गोष्ट सांगतो. ब्राझीलची शिसव दुर्मीळ झाली, तेव्हा १९६९ पासून अमेरिकेच्या मार्टिन कंपनीसारख्या नामवंत गिटारकारांनी भारतीय शिसव वापरायला घेतली. आपल्या सह्याद्रीच्या रांगेतले हे झाड जगभरच्या गिटारींच्या पाठीत जाऊन बसले. आता तेही जपून वापरावे लागते. २०१७ साली या कुळातल्या सर्व झाडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले आणि तयार वाद्यांपुरते ते २०१९ साली शिथिल झाले. म्हणजे लाकूड आपले, बांबू आपला, धार लावण्याची परंपरा आपली, आणि आपली मुले म्हणतात काय, तर बनवायला आपल्याजवळ काही नाही! हे त्यांना कोणी शिकवले? पेट्या वजनावर विकणाऱ्या आपणच.

म्हणून माझ्या मागण्या तीन आहेत. त्या छोट्या आहेत, पण मी त्या मागे घेणार नाही.

एक : ज्यांच्या माळ्यावर, गोठ्यात, विहिरीच्या पंपघरात आजोबांची हत्यारे पडली आहेत, त्यांनी ती भंगारात घालू नयेत. नको असतील तर देवळात आणून द्यावीत. भंगाराचा भाव आम्ही देऊ, वर पावतीही देऊ.

दोन : प्रत्येक धर्मग्रामात हत्यारांची एक सामायिक पेटी आणि एक वही असावी. वाचनालयातून पुस्तक नेतात तसे हत्यार न्यावे आणि धार लावून परत आणावे. धार गेलेले हत्यार परत घेतले जाणार नाही, हा एकच नियम पुरे. देवळाच्या सणाला एका रात्रीच्या विद्युत रोषणाईवर आपण जे उधळतो, त्याच्या अल्पशा भागात अशी पेटी उभी राहते. हे मी सणाच्या समितीतही बोललो आहे आणि तेथे मला फारशी दाद मिळाली नाही.

तीन : अजून हयात असलेल्या मिस्त्रींना, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, मुलांसमोर मानाने बसवावे आणि त्यांच्या श्रमाचे पैसे द्यावेत. या माणसांची संख्या दर वर्षी घटते आहे. त्यांच्या अंत्ययात्रेत चांगले भाषण करण्यापेक्षा त्यांच्या हयातीत एक संध्याकाळ त्यांच्यासमोर बसणे अधिक सन्मानाचे आहे. हे मी प्रथम स्वतःला सांगतो. कारण ज्यांची पेटी भंगारात गेली, ते मिस्त्री माझ्या धर्मग्रामात सहा वर्षे माझ्या डोळ्यांसमोर होते. त्यांच्या अंत्यविधीला मी पंधरा मिनिटे बोललो. त्यांच्या पेटीविषयी मी एकदाही विचारले नव्हते.

तो तरुण अजून गिटार बनवतो आहे. एक लाख चाळीस हजारांची यादी त्याने जपून ठेवली आहे, पण तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आता फ्रेटची अंतरे लिहिलेली आहेत. दुसऱ्या बाजूची एक कड वाकवताना तडकली, म्हणून तो पुन्हा पहिल्यापासून नवी पट्टी रंधतो आहे. नाताळपर्यंत होईल असे तो म्हणतो, ईस्टरपर्यंत होईल असे मिस्त्री म्हणतात. रंध्याला जे पाते आहे ते त्या भंगारातून परत आणलेले. त्याच्यावर जुन्या धन्याने कोरलेले नावाचे पहिले अक्षर अजून दिसते. ते घासून काढू नये, असे मी मुलांना सांगितले आहे.